एचडीआर मॉनिटरवर चित्र काळवंडते तेव्हा

एका भगिनीचे पत्र आले आहे. मुलगा निकाह आणि वलीम्याच्या व्हिडिओंचे एडिटिंग करतो. घर त्याच्याच कमाईवर चालते. गेल्या महिन्यात हप्त्यांवर एचडीआर मॉनिटर घेतला. त्यावर सगळेच अंधारलेले दिसते म्हणून त्याने दोन लग्नांचे व्हिडिओ उजळवून दिले. आता दोन्ही घरची मंडळी म्हणतात, नवरा-नवरीचे चेहरे पिठासारखे पांढरे झाले. उरलेले पैसे मिळणार नाहीत. मुलाने मॉनिटर निम्म्या किमतीत विकायला काढला आहे.

आमचे पहिले सांगणे एवढेच, की मॉनिटर इतक्यात विकू नका. तो बिघडलेला असेलच असे नाही. पण पडदा नीट जुळवला नसेल तर त्यावर केलेले काम बिघडते, हेही खरे. पडदा काळा दिसला की हात आपोआप उजेड वाढवतो, आणि तोच व्हिडिओ दुसऱ्याच्या फोनवर भगभगीत दिसतो.

आधी एचडीआर म्हणजे काय ते पाहू. पडद्याचा उजेड निट्स या मापात मोजतात. साधा व्हिडिओ, ज्याला एसडीआर म्हणतात, तो 100 निट्सचा पांढरा रंग धरून बनवलेला असतो. एचडीआरची मोजपट्टी थेट 10,000 निट्सपर्यंत जाते. या लांब पट्टीवर 100 निट्सची खूण जवळजवळ मध्यावर येते. वरचा अर्धा भाग दिव्यांची झळाळी, जरीची चमक, उन्हातले आभाळ यांच्यासाठी राखलेला असतो. म्हणून एचडीआर सुरू असताना साधी पाने, फाइली आणि व्हिडिओ किती उजळ दाखवायचे, हे संगणकाला वेगळे सांगावे लागते. बहुतेक तक्रारी इथेच सुरू होतात.

निदान कसे करावे

कीबोर्डवर विंडोज, ऑल्ट आणि बी ही तीन बटणे एकदम दाबा. विंडोज 11 मध्ये यामुळे एचडीआर सुरू किंवा बंद होते. बंद केल्यावर चित्र नेहमीसारखे दिसले, तर मॉनिटरचा पडदा ठीक आहे आणि दोष मांडणीत आहे. बंद केल्यावरही अंधारच राहिला, तर मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत जा. वीज वाचवण्याची सोय, खोलीच्या उजेडानुसार आपोआप मंद होण्याची सोय आणि ब्राइटनेस या तिन्ही गोष्टी तपासा.

फक्त साधी पाने आणि साधे व्हिडिओ काळे दिसतात

सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले आणि मग एचडीआर असे जा. तिथे 'एसडीआर कन्टेंट ब्राइटनेस' नावाची पट्टी आहे. ती खाली असेल तर सगळे मलूल दिसते. कोरे पान उघडून शेजारी पांढरा कागद धरा आणि दोन्ही सारखे उजळ वाटेपर्यंत पट्टी सरकवा. पत्रातल्या वर्णनावरून मुलाची अडचण हीच असावी असे आम्हाला वाटते. पुष्कळ मॉनिटर एचडीआरमध्ये आपले ब्राइटनेसचे बटण कुलूपबंद करतात. मग माणूस ते बटण दाबून दाबून थकतो आणि खरी पट्टी भलतीकडेच राहते.

फक्त एचडीआर चित्रपट काळा दिसतो

एचडीआरमध्ये बहुतेक वेळा चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याचा उजेड ठरलेला असतो आणि मंद खोली गृहीत धरलेली असते. दुपारी खिडकी उघडी, डोक्यावर ट्यूबलाइट, अशा वेळी सावलीतले बारकावे दिसणार नाहीत. पडदा ओढा, दिवा मागच्या बाजूला लावा, मग पुन्हा पाहा.

त्यानंतर मायक्रोसॉफ्टचे 'विंडोज एचडीआर कॅलिब्रेशन' हे मोफत अॅप चालवा. ते विंडोज 11 वर चालते. त्यात सर्वात कमी उजेड, सर्वात जास्त उजेड आणि पूर्ण पडद्याचा जास्तीत जास्त उजेड अशा तीन चाचण्या आहेत. प्रत्येक वेळी नक्षी नुकती दिसेनाशी होईल तिथे पट्टी थांबवायची. घाई करू नये. पहिली चाचणी नेहमी ज्या उजेडात काम करता त्याच उजेडात करा, नाहीतर काळ्या भागाचा हिशेब चुकतो.

सावल्या एकदम काळ्याकुट्ट होतात

चित्राचा उजळ भाग ठीक, पण काळ्या बुरख्याच्या चुण्या, दाढीचे केस, गडद शेरवानीचे काम सगळे एका डागात बुडते. अशा वेळी एचडीएमआय जोडणीची रेंज पाहा. संगणक 0 ते 255 अशी पूर्ण रेंज पाठवत असेल आणि मॉनिटर 16 ते 235 अशी मर्यादित रेंज समजत असेल, तर 16 च्या खालचे सगळे काळे होते. ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये आणि मॉनिटरच्या मेनूत दोन्हीकडे एकच रेंज ठेवा.

मोजणीच्या यंत्राने जुळवल्यावर काळे झाले

व्यवसाय करणारी मुले पडद्याला लावायचे रंगमापक यंत्र वापरतात. त्यातून तयार होणारे प्रोफाइल ज्या अवस्थेत मोजले, त्याच अवस्थेसाठी असते. एचडीआर बंद असताना केलेले प्रोफाइल एचडीआर सुरू असताना लावू नये. दोन्हींसाठी वेगळी मोजणी लागते, आणि सॉफ्टवेअरला एचडीआर मोजता येत नसेल तर एचडीआर बंद करूनच काम करावे. ओएलईडी पडद्यांबाबत आणखी एक गोष्ट आहे. पूर्ण पांढरे पान आले की ते स्वतःहून मंद होतात. तो त्यांचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे. पण मोठ्या पांढऱ्या चौकोनावर मोजणी केली तर आकडे फसवे येतात.

कोणतीही पट्टी सरकवून उपयोग होत नाही तेव्हा

खोक्यावर नुसते 'एचडीआर सपोर्ट' लिहिले असेल, तर मॉनिटर तो सिग्नल स्वीकारतो एवढाच त्याचा अर्थ. तेवढा उजेड देण्याची ताकद त्यात असेलच असे नाही. व्हेसा या संस्थेने 2017 च्या डिसेंबरात 'डिस्प्लेएचडीआर' ही दर्जाची खूण आणली. त्यातला 400, 600, 1000 हा आकडा म्हणजे कमाल उजेडाचे निट्स. 400 ची पायरी सुरुवातीची आहे. चित्रपटातली झळाळी हवी असेल तर वरची पायरी पाहावी. ज्यांना मॉनिटर अजून घ्यायचा आहे त्यांनी ही खूण पाहून घ्यावा, आणि घेतल्यावर परतीची मुदत संपण्याआधी वरच्या चाचण्या उरकाव्यात.

कामासाठी काय ठेवावे

आमचा सल्ला साधा आहे. अल्बम कागदावर छापला जातो, आणि कागदाला एचडीआर नसते. लग्नाचा व्हिडिओही बहुतेक घरांत साध्या फोनवर आणि साध्या टीव्हीवर पाहिला जातो. तेव्हा ग्राहकाने खास एचडीआर मागितले नसेल, तर काम करताना ते बंद ठेवा, पडद्याचा उजेड 100 ते 120 निट्सच्या आसपास ठेवा आणि गॅमा 2.2 निवडा. चित्रपट पाहताना एचडीआर खुशाल सुरू करा.

काम देण्यापूर्वी एक फ्रेम निवडा, जिच्यात काळा बुरखा आणि पांढरा कुर्ता दोन्ही आहेत. बुरख्याच्या चुण्या आणि कुर्त्याची वीण दोन्ही दिसली पाहिजेत. हीच फ्रेम दोन वेगवेगळ्या फोनवरही पाहा.

त्या भगिनीच्या मुलाला एवढेच सांगावेसे वाटते: मूळ चित्रण आणि प्रोजेक्ट फाइल जपून ठेवली असेल तर काहीही वाया गेलेले नाही. पडदा जुळवा, वाढवलेला उजेड काढा, दोन्ही व्हिडिओ पुन्हा तयार करा आणि स्वतः त्या घरी जाऊन द्या. पैशाचा विषय तोवर काढू नका. दिलेले काम सुधारून आणणारा माणूस लोकांच्या लक्षात राहतो, आणि पुढच्या लग्नाला बहुधा त्यालाच बोलावतात.