वाहने बोलू लागतील, पण कोणाशी?

वाहनांना वाचा फुटली आहे, ही बातमी आता नवी राहिलेली नाही. रस्त्यावरील दुसऱ्या मोटारीशी आणि चौकातील खांबाशी बिनतारी संदेशाने बोलणाऱ्या मोटारी जपानमध्ये २०१५ सालापासून विकल्या जात आहेत. युरोपातही तशा गाड्या रस्त्यावर आल्या आहेत आणि आपल्या देशातही या तंत्राची चर्चा सुरू झाली आहे. ‘गाड्याच आपसांत बोलून घेतील, मग कोंडी राहील कशाला?’ असे उद्गार आमच्या स्टाफरूममध्येही ऐकू येतात. मी पदार्थविज्ञान शिकवतो, त्यामुळे असा विषय निघाला की विद्यार्थी माझ्याकडे पाहतात. तासाच्या ओघात त्यांना जे सांगता आले नाही, ते येथे मांडतो. माझे म्हणणे असे की, हे तंत्र खरे आहे आणि उपयोगाचेही आहे; पण त्याचा पहिला लाभ कोणाला द्यायचा आणि ज्याला बोलताच येत नाही त्याचे काय करायचे, हे दोन प्रश्न आधी सोडवले पाहिजेत. ते न सोडवता हे तंत्र आपल्या रस्त्यांवर आणले, तर ते मूठभरांच्या सोयीचे आणि बाकीच्यांच्या गैरसोयीचे होईल.

प्रथम तंत्र समजून घेऊ. प्रत्येक वाहन आपण कोठे आहोत, किती वेगाने व कोणत्या दिशेने चाललो आहोत, ब्रेक दाबला आहे की नाही, एवढी माहिती सेकंदाला दहा वेळा आसमंतात पाठवते. सुमारे तीनशे मीटरच्या परिघातील दुसऱ्या वाहनाला ती मिळते. वळणापलीकडे किंवा पुढच्या ट्रकच्या आड काय चालले आहे, हे डोळ्यांना दिसण्यापूर्वी गाडीला कळते.

याचा कोंडीशी संबंध काय? २००८ साली जपानी संशोधकांनी एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार मार्गावर त्यांनी २२ मोटारी सोडल्या आणि चालकांना ताशी ३० किलोमीटरच्या आसपास एकसारखा वेग ठेवायला सांगितले. सिग्नल नाही, चौक नाही, आडवे येणारे गुरू नाही. तरी थोड्याच वेळात गाड्या थांबत-थांबत चालू लागल्या आणि ही थांबण्याची लाट ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने मागे मागे सरकत राहिली. एकाने किंचित वेग कमी केला, मागच्याने दचकून थोडा जास्त केला, त्याच्या मागच्याने त्याहून जास्त, आणि अखेर कोणीतरी पुरता थांबला. म्हणजे कोंडीला नेहमी अपघातच लागतो असे नाही. माणसाला उशिरा कळते आणि कळल्यावर तो गरजेपेक्षा जास्त ब्रेक दाबतो, एवढे कारण पुरते.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते, आणि माणसाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत सेकंदभर सहज जातो. बिनतारी संदेशाला हा विलंब नाही. १९९७ साली अमेरिकेत सॅन डिएगो येथे आठ मोटारींची रांग ताशी ९६ किलोमीटर वेगाने, दोन गाड्यांत अवघे साडेसहा मीटर अंतर ठेवून चालवून दाखवण्यात आली. हे अंतर कापायला पाव सेकंद लागतो. माणसाच्या हातून हे होणे नाही. तेव्हा या विद्येला उगाच नावे ठेवण्याचे कारण नाही.

पण याच विषयातील दुसरा एक प्रयोग मला अधिक बोलका वाटतो. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात जपानी प्रयोगासारखाच वर्तुळाकार मार्ग आखून वीसहून अधिक मोटारी सोडल्या गेल्या. त्यांतली एकच गाडी यंत्राने चालत होती. पुढे मोकळी जागा दिसली तरी ती झेपावत नसे. सरासरी वेग धरून शांतपणे चाले. त्या एका गाडीमुळे मागची लाट विरून गेली आणि इंधनाचीही मोठी बचत झाली. लक्षात घ्या, ही गाडी कोणाशीही बोलत नव्हती. सर्वांना फायदा झाला तो एकीने संयम पाळल्यामुळे. संदेश हे साधन आहे. संदेश मिळाल्यावर कोणी वाट द्यायची, हे ठरलेले नसेल तर दोन भांडखोरांना टेलिफोन जोडून दिल्यासारखे होईल.

आपल्या रस्त्यांवर वाहने आजवर मुकी होती असेही नाही. हॉर्न आहे, रात्री डिपर आहे, ट्रकमधून बाहेर आलेला क्लिनरचा हात आहे, बसमधली कंडक्टरची घंटी आहे. ट्रकच्या पाठीवरचे ‘हॉर्न ओके प्लीज’ हाही संदेशच होता. त्याने हॉर्नचा कलकलाट वाढतो म्हणून २०१५ साली महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने त्यावर बंदी घातली. बोलणे वाढले म्हणून वाहतूक सुधारली नाही, याचा हा घरचा दाखला आहे.

याच रस्त्यांवर एक शहाणा नियमही आहे. अरुंद घाटरस्त्यावर दोन गाड्या समोरासमोर आल्या, तर उतरणाऱ्याने थांबायचे आणि चढणाऱ्याला वाट द्यायची. चोर्ला घाटातून गोव्याला गेलेल्या प्रत्येकाला तो ठाऊक असेल. ज्याला थांबणे अधिक जड जाते, त्याचा हक्क पहिला, असे त्यामागचे तत्त्व आहे. रस्त्यावर एरवी ‘बळी तो कान पिळी’ चालते, ते येथे चालत नाही. बोलक्या वाहनांच्या कारभारात हेच तत्त्व असावे, असे मला वाटते.

आता आपल्या रस्त्यावर जड कोणाला जाते ते पाहू. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत शंभरी चव्वेचाळीस-पंचेचाळीस दुचाकीवरची आणि एकोणीस-वीस पायी चालणारी होती. अशा माणसांजवळ संदेश पाठवणारे यंत्र कोठून असणार? निपाणी-संकेश्वर भागात गळीत हंगाम सुरू झाला की, उसाने लादलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रात्री रस्त्यावर असतात. त्यांच्या पाठीमागे साधा तांबडा दिवा किंवा चमकती पट्टी असावी, ही मागणीदेखील पुरती पाळली जात नाही. तेथे बैलाने सेकंदाला दहा संदेश पाठवावेत अशी अपेक्षा आपण करणार का? भीती वेगळीच आहे. बोलक्या गाडीचा चालक यंत्रावर विसंबेल आणि यंत्राने इशारा दिला नाही म्हणजे समोर कोणी नाही असे समजेल. पुढे अपघात झाला की, ‘तुमच्याकडे यंत्र का नव्हते?’ असा उलटा सवाल पादचाऱ्यालाच केला जाईल. म्हणून मुक्यास धक्का लागला तर जबाबदारी बोलणाऱ्याची, हे कायद्यात आधीच लिहिले गेले पाहिजे.

यावर काही मित्र म्हणतात, ‘सुरुवातीला श्रीमंत घेतील, मग मोबाइलसारखे ते सर्वांकडे येईल.’ ही तुलना फसवी आहे. मोबाइलवरून ज्याला बोलायचे त्याचा नंबर आपण निवडतो; रस्त्यावर समोर कोण येणार हे आपल्या हाती नसते. दहांतल्या एका वाहनात हे यंत्र असेल, तर समोरासमोर आलेल्या दोन्ही वाहनांत ते असण्याचा योग शंभरांत एकदाच येईल. निम्म्या वाहनांत आले तरी चारांत एकदा. त्यातच यंत्रांची भाषा एक नसली, तर तेवढाही उपयोग नाही. अमेरिकेने १९९९ साली या कामासाठी बिनतारी लहरींचा पट्टा राखून ठेवला. पुढे वायफायच्या जातीची एक पद्धत आणि मोबाइलच्या जातीची दुसरी, असा वाद माजला. या दोन पद्धतींना एकमेकींचे बोलणे कळत नाही. २०२० साली त्या पट्ट्याचा मोठा भाग काढून इतर वापराला देण्यात आला. आपल्या बेळगावच्या बाजारात मराठी, कन्नड, कोंकणी, उर्दू बोलणारे गिऱ्हाईक आणि दुकानदार एकमेकांना सांभाळून घेतात. यंत्र असे सांभाळून घेत नाही.

मग पहिल्याच दिवसापासून उपयोगी पडेल असा मार्ग आहे का? आहे. बसने सिग्नलशी बोलावे. बस चौकाजवळ आली की, हिरवा दिवा चार सेकंद अधिक राहावा किंवा तांबडा लवकर मिटावा, एवढेच. यासाठी सर्व गाड्यांत यंत्र लागत नाही. एक बस व एक सिग्नल असला तरी काम सुरू होते. झुरिकसारख्या शहरात ट्रामला आणि बसला अशी वाट गेली कित्येक वर्षे दिली जात आहे. आपल्या शेजारी हुबळी-धारवाडमध्ये २०१८ पासून ‘चिगरी’ बस स्वतंत्र मार्गिकेतून धावू लागली. बसला अग्रहक्क देण्याची कल्पना आपल्या भागाला परकी नाही.

गणित सोपे आहे. एका बसमध्ये पन्नास माणसे असतात. तीच माणसे मोटारींतून न्यायची, तर प्रत्येकी दोघे धरले तरी पंचवीस मोटारी लागतात. सिग्नलने वाहने मोजली तर पंचवीस जिंकतील. माणसे मोजली तर दोन्ही बाजू सारख्या ठरतील आणि रस्ता कमी अडवल्याबद्दल बसला झुकते माप मिळेल. सकाळी पहिल्या तासाला हजेरी घेताना खानापूर, उचगाव, येळ्ळूर, कडोलीकडच्या मुला-मुलींच्या नावांपुढे मी किती वेळा गैरहजर लिहितो! ती घरून वेळेवर निघालेली असतात. त्यांची बस चन्नम्मा चौकाच्या अलीकडे एकेका माणसाच्या मोटारींमागे उभी असते. त्यांच्या दृष्टीने वाहतुकीचा प्रवाह सुधारणे म्हणजे हा बुडालेला तास परत मिळणे.

आपल्या देशाने गाडीला बोलायला शिकवले आहे, ते टोलनाक्यावर. २०२१ च्या फेब्रुवारीपासून राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. कोगनोळीच्या नाक्यावर गाडी गेली की, काचेवरची पट्टी उत्तर देते आणि पैसे वळते होतात. पैसे घेण्यासाठी जे जमले, ते बसमधल्या पन्नास माणसांना वाट देण्यासाठी का जमू नये?

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी काही जण पुढे अभियंते व्हाल, काही जण महानगरपालिकेत वा परिवहन खात्यात बसाल. तोवर थांबण्याचे कारण नाही. पदार्थविज्ञान आणि संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी, मराठी व कन्नड दोन्ही विभागांतल्या मुलांनी मिळून, एक आठवडा सकाळी आठ ते दहा चन्नम्मा चौकात उभे राहावे. वाहने न मोजता वाहनांतली माणसे मोजावीत आणि बस किती मिनिटे अडकते ते टिपावे. तो तक्ता दोन्ही भाषांत महानगरपालिकेपुढे ठेवू. मी तुमच्याबरोबर उभा राहीन. त्या आठवड्यात पहिला तास कोणाचा बुडला, तर हजेरीचे मी पाहून घेईन.