मुलाला रक्त चढवले, बिल नीट वाचले का?

ईद-ए-मिलादला आपल्या मोहल्ल्यांत रक्तदान शिबिरे होतात, तरुण रांगा लावून रक्त देतात. त्याच मोहल्ल्यात थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागते, आणि आईबाप बिल न वाचताच भरून मोकळे होतात.

कायद्याने रक्त विकता येत नाही. केंद्रीय औषध नियंत्रकांनी हे पुन्हा बजावले आहे. रक्तपेढी फक्त प्रक्रिया शुल्क घेऊ शकते. 2022 च्या दरांप्रमाणे लाल पेशींच्या पिशवीला खासगी पेढीत कमाल 1,550 रुपये, सरकारीत 1,100. जादा तपासणी असेल तर तिचे वेगळे. थॅलेसेमिया, सिकलसेलच्या रुग्णांना हे शुल्क माफ करण्याच्या सूचना आहेत.

खाट, सेट, डॉक्टरांची फी हॉस्पिटल लावू शकते. पण सगळे 'रक्ताचे पैसे' या एकाच ओळीत कोंबले तर माफी कशात मिळाली हे कसे कळणार? म्हणून रक्तपेढीची पावती वेगळी मागा, मुलाचे थॅलेसेमिया कार्ड आधीच दाखवा. ऐकले नाही तर अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा.

आपल्या मशीद कमिट्या, बैतुलमाल अशी बिले भरतात, ही मोठी खिदमत आहे. आमचे म्हणणे एवढेच: आधी बिल तपासा. वाचलेली रक्कम त्याच मुलाच्या अंगातले जादा लोह काढणाऱ्या गोळ्यांना लागेल.