चार मित्र व एक जहाज

उतारवयांत समवयस्क मित्रांनीं मिळून जहाजाची सफर करावी कीं काय, आणि करावयाची झाल्यास तयारी कशी करावी, असें एका वाचकांनीं आम्हांस पत्र लिहून विचारलें आहे. प्रश्न आमच्या अनुभवांतला निघाला. डिसेंबर २०२४ मध्यें आम्ही चौघे मित्र मुंबईहून जहाजानें निघून लक्षद्वीपांतील अगत्ती बेट पाहून पांचव्या दिवशीं परत आलों. तयारीविषयीं आम्हांस पुष्कळ सांगतां येईल. परंतु ज्या एका बाबतींत आमची तयारी सर्वस्वीं चुकली, ती वगळून बाकीचें सांगणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

चौघे म्हणजे तात्या, अण्णा, नाना व आम्ही. तात्या बँकेंतून, अण्णा पाटबंधारे खात्यांतून व आम्ही शाळेंतून निवृत्त झालों. नानांनीं एका खाजगी छापखान्यांत चौतीस वर्षें प्रुफें तपासलीं. तो छापखाना बंद पडला, व त्या वेळीं हातीं आलेली रक्कम मुलीच्या लग्नांत संपली. त्यांस निवृत्तिवेतन नाहीं. देवळाच्या पारावर रोज सायंकाळीं आमची बैठक भरते व तेथें चण्याफुटाण्यांचे पैसे कोणीं द्यावयाचे याच्या पाळ्या ठरलेल्या आहेत. बावीस वर्षांत नानांची पाळी एकदांही चुकलेली नाहीं. ही क्षुल्लक गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करीत आहों.

घरून अनुमति मिळण्यास फारसा त्रास पडला नाहीं, कारण आदल्या वर्षीं चौघांचींही कुटुंबें मिळून नर्मदेकडे जाऊन आलीं होतीं आणि त्या पंधरवड्यांत नातवंडें आम्हीं सांभाळलीं होतीं. विरोध केला तो एकट्या आमच्या आत्याबाईंनीं. त्यांचें वय ९१. बौधायनानें पातकें मोजतांना समुद्रसंयान अगदीं पहिलें धरिलें आहे व मनूनें समुद्रयायी ब्राह्मणास श्राद्धाच्या पंक्तींतून वगळलें आहे. पण आत्याबाईंच्या विरोधाचें मूळ धर्मशास्त्रांत नव्हतें. तें १७ जुलै १९४७ या तारखेंत होतें. त्या दिवशीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. आत्याबाई तेव्हां चौदा वर्षांच्या, राहावयास गिरगांवांत. शेजारच्या बिऱ्हाडांतील दोघे त्या बोटीवर होते. ती बोट भर पावसाळ्यांत, आषाढी अमावास्येस निघाली होती व आम्ही मार्गशीर्षांत, दर्या निवळल्यावर जाणार, असें आम्हीं परोपरीनें समजाविलें. शेवटीं त्यांनीं एक नारळ दिला व तो मुंबईस पोंचल्यावर चौपाटीवर समुद्रास अर्पण करण्याचें वचन घेतलें. तें आम्हीं पाळलें.

आतां तयारी. खोली निवडतांना पुष्कळ लोक वरच्या मजल्यावरील व खिडकीची मागतात. ज्यांस हेलकाव्यांची भीति आहे त्यांनीं जहाजाच्या मध्यभागची व खालच्या मजल्यावरील घ्यावी. तराजूची दांडी हालली कीं टोकें फार हालतात, मध्य थोडा हालतो. जहाजाचेंही तसेंच आहे. आंतील बाजूच्या, खिडकी नसलेल्या खोल्या स्वस्त असतात. चौघांच्या खोलींत दोन शय्या भिंतीला वर टांगलेल्या असतात व शिडीनें चढावें लागतें, म्हणून साठी उलटलेल्यांनीं दोघांदोघांच्या खोल्या घ्याव्या हें उत्तम. घोरणारा कोण हें आधींच कबूल करून टाकावें. तात्या घोरतात. ते कबूल करीत नाहींत.

पोट ढवळण्याचें कारण असें कीं, डोळ्यांस खोलीच्या भिंती स्थिर दिसतात आणि कानाच्या आंतील तोलाचें इंद्रिय सांगतें कीं आपण हालत आहों. या दोन साक्षी जुळल्या नाहींत म्हणजे मळमळ सुरू होते. अशा वेळीं बिछान्यावर पडून पुस्तक वाचूं नये. उघड्या डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहावें, म्हणजे दोन्ही साक्षी एक होतात. यावरील गोळी मळमळ सुरू होण्यापूर्वीं घ्यावी लागते. ती झोंप आणते, आणि ज्या वृद्धांस लघवी अडण्याचा विकार आहे त्यांनीं तर डॉक्टरांस विचारल्यावांचून ती घेऊंच नये. आम्हीं आलेपाकावर भागविलें. अण्णा लहानपणीं बोटीनें रत्नागिरीस जात व पडावांतून किनाऱ्यावर उतरत; ही मर्दुमकी त्यांनीं मुंबई येईपर्यंत सांगितली, आणि पहिल्या रात्रीं ओकारी झाली ती अण्णांसच.

मोठी पेटी धक्क्यावर हवालीं करावी लागते व ती खोलींत पोंचण्यास कांहीं तास लागतात. म्हणून रोजचीं औषधें, चष्मा व ओळखपत्र हातांतील पिशवींत असावें. किनारा दूर झाला कीं आपला नेहमींचा फोन निरुपयोगी होतो. तो चालूच ठेवल्यास कधीं जहाजावरील उपग्रहाचें जाळें पकडतो आणि मागाहून भलें मोठें बिल येतें. तेव्हां तो विमानांत ठेवतात तसा ठेवावा, व घरच्या मंडळींस स्पष्ट सांगून जावें कीं अमुक दिवस फोन येणार नाहीं, काळजी करूं नये. एकत्र कुटुंबांत ही सूचना प्रत्येकास निरनिराळी द्यावी. एकास सांगितलेलें दुसऱ्यास पोंचतें असें समजूं नये.

संकटसमयाची तालीम मात्र कोणीं चुकवूं नये. सात आंखूड व एक लांब भोंगा झाला कीं नेमून दिलेल्या जागीं जमावयाचें असतें. टायटॅनिक १९१२ सालीं बुडाल्यावर १९१४ मध्यें राष्ट्रांनीं सुरक्षिततेचा पहिला करार केला. पण १३ जानेवारी २०१२ रोजीं इटलीच्या किनाऱ्यालगत कोस्टा कॉनकॉर्डिया हें जहाज खडकावर आपटून ३२ माणसें दगावलीं, तेव्हां त्यावरील कित्येक उतारूंची तालीम व्हावयाचीच होती. १ जानेवारी २०१५ पासून ही तालीम जहाज सुटण्यापूर्वीं किंवा सुटतांक्षणींच घ्यावी असा नियम झाला आहे. आमच्या जहाजावर कांहीं तरुण मंडळी त्या वेळीं फोटो काढण्यांत दंग होती. आमची शाळेंतील जुनी संवय उफाळून आली, पण तात्यांनीं बाही ओढली.

आतां तें चुकलेलें प्रकरण.

तिकीट बंदराच्या आकारांसह माणशीं सुमारें ४० हजार रुपये पडत होतें. नानांस तें झेपणार नाहीं हें तिघेही जाणून होतों, आणि नानांवांचून जाणें तिघांसही नको होतें. तेव्हां आम्हां तिघांच्या मतें फार सुंदर अशी एक युक्ति काढण्यांत आली. तीन तिकिटें घेतल्यास चौथें फुकट, अशी जाहिरात असल्याचें नानांस सांगितलें. व्यवहार तात्यांकडे होता. चौथ्याचे पैसे तिघांनीं वांटून भरले. असत्य खरें, परंतु मित्रहिताचें, अशी आम्हीं मनाची समजूत घातली. आयुष्यभर मुलांस सत्यावर निबंध लिहावयास लावणाऱ्या माणसास ती इतक्या सहज पटावी याचें आतां आश्चर्य वाटतें.

पहिली संध्याकाळ फार आनंदाची गेली. मुंबईचे दिवे मागें पडले, प्रोंगच्या दीपगृहाचा झोत फिरूं लागला आणि पुढें डाव्या हातास खांदेरीचा दिवा दिसला. शिवछत्रपतींनीं १६७९ मध्यें ज्या बेटावर तट बांधावयास घेतला, तेथें हें दीपगृह १८६७ पासून आहे. नाना कठड्याला टेकून लहान मुलाप्रमाणें एकेक दिवा विचारीत होते. जेवणांत शाकाहाराची निराळी सोय होती व ती चांगली होती. एका मजल्यावर जुगाराचें दालन आहे. ऋग्वेदांतील अक्षसूक्त ज्यानें शिकविलें त्यानें तेथें डोकावून परतावें हेंच योग्य, असें आम्हीं ठरविलें. अण्णा डोकावून लौकर परतले नाहींत.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं न्याहारीच्या वेळीं नागपूरकडील एका गृहस्थांशीं नानांचा परिचय झाला. तेही चौघेजण आले होते. बोलतां बोलतां नानांनीं त्यांस मोठ्या कौतुकानें चौथ्या फुकट तिकिटाची हकीगत सांगितली. ते गृहस्थ तडक उठले आणि ही सवलत आपणांस कां दिली नाहीं म्हणून कार्यालयाच्या खिडकीशीं भांडूं लागले. साक्षीदार म्हणून त्यांनीं नानांस बरोबर नेलें होतें. खिडकीवरील मुलीनें नम्रपणें दोघांचीं तिकिटें काढून दाखविलीं. अशी सवलत नव्हती. चौघांच्या नांवें चार पूर्ण रकमा भरल्याचें तेथें स्वच्छ लिहिलें होतें.

नाना जेवावयास आले नाहींत. खोलींतही नव्हते. तात्या म्हणाले, "रागावले आहेत, निवळतील." दिवसभर चोहोंकडे पाणी. पारावरून रागावलेला माणूस निदान आपल्या घरीं जाऊं शकतो. जहाजावरून त्यानें कोठें जावें?

रात्रीं अकराच्या सुमारास ते आम्हांस मागच्या डेकच्या एका अंधाऱ्या कोपऱ्यांत सांपडले. वद्य पक्ष असल्यामुळें चंद्र उगवावयाचा होता. आम्ही शेजारीं बसलों. काय बोलावें तें न सुचून आम्हीं ध्रुव दाखविला. मुंबईस तो क्षितिजापासून सुमारें एकोणीस अंशांवर असतो, अगत्तीपाशीं जेमतेम अकरा अंशांवर उरतो. उलट दक्षिणेकडे अगस्त्य तेवढाच वर चढतो. नानांनीं दोन्हींकडे पाहिलें. मग ते म्हणाले, "मास्तर, मला नुसतें विचारलें असतें तर मीं गोव्यापर्यंतची दोन रात्रींची सफर सुचविली असती. तेवढे पैसे मीं साठविले होते. ते माझ्या पेटींत आहेत."

आम्ही निरुत्तर झालों. नानांस काय झेपेल याचा हिशेब तिघांनीं केला, आणि ज्याचा हिशेब त्यास मात्र विचारलें नाहीं. खरोखर गोव्याची सफर चौघांसही पुरली असती. आम्हांस लक्षद्वीप पाहिजे होतें, आणि त्या हौसेला आम्हीं औदार्याचें नांव दिलें. हें आम्हीं त्यांस तसेंच सांगितलें व क्षमा मागितली. ते कांहीं बोलले नाहींत. पण उठूनही गेले नाहींत. चंद्र वर येईपर्यंत आम्ही तेथें बसलों होतों.

तिसऱ्या दिवशीं अगत्ती आलें. बेटाभोंवतीं प्रवाळाचा बांध असून आंतील पाणी उथळ, त्यामुळें जहाज बाहेर थांबतें व उतारूंस लहान होड्यांतून नेतात. बाहेरचें पाणी गर्द निळें, बांध ओलांडतांच मोरपंखी, आणि किनाऱ्याशीं इतकें निवळ कीं खालची वाळू मोजावी. ती वाळूही प्रवाळाच्याच चुऱ्याची, पांढरी शुभ्र. लक्षद्वीपांतील ३६ बेटांपैकीं वस्ती अवघ्या दहांवर आहे. भाषा मलयाळी, फक्त मिनिकॉयची निराळी. परवान्यावांचून कोणास उतरतां येत नाहीं. होडींत चढतांना नाना सर्वांच्या शेवटीं आले, आणि आल्याबरोबर त्यांनीं खिशांतून एक कागद काढून तात्यांपुढें धरला. प्रुफें तपासणाऱ्याचें तें बारीक अक्षर.

"चाळीस हजारांचे तीन भाग केले म्हणजे प्रत्येकीं तेरा हजार तीनशें तेहतीस होतात," नाना म्हणाले. "वर एक रुपया उरतो. तो कोणीं भरला?"

तात्यांस आठवेना. अण्णांनीं आपण भरल्याचें ठोकून दिलें. होडी हेलकावली आणि अण्णांनीं तोंडावर रुमाल धरला. त्यावर प्रथम नाना हंसले. गुडघाभर पाण्यांत उभे राहून ते दोन तास मासे पाहत होते. जेवणाची वेळ झाल्याचें त्यांस चारदां सांगावें लागलें.

परतीच्या वाटेवर व्यवहार पुरा झाला. पेटींतील पैसे नानांनीं तसेच घरीं नेले, कारण ते एकदम घेण्यास तिघांनींही नकार दिला. नानांनीं दरमहा एक हजार द्यावयाचे व तें तिघांनीं पाळीपाळीनें घ्यावयाचें असें ठरलें. घेतांना हात जड होतो, पण घेतों. नानांनीं त्यासाठीं एका प्रकाशकाकडील प्रुफें पुन्हां सुरू केलीं आहेत आणि पारावर अर्धा तास उशिरा येतात. गेल्या महिन्याच्या पहिल्या तारखेस बारावा हप्ता पोंचला. पुढची सफर गोव्याची ठरत आहे. ती कितीची असावी हें या खेपेस प्रथम नानांस विचारलें. त्या एका रुपयाचा निकाल मात्र अद्याप लागलेला नाहीं.