लाटेने जात विचारली नाही, मदतीच्या यादीने विचारली

२५ डिसेंबर ही तारीख आपल्या चळवळीतल्या कोणाला सांगावी लागत नाही. १९२७ साली याच दिवशी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. तामिळनाडूतील आपल्या बांधवांसाठी या तारखेला आणखी एक आठवण आहे. १९६८ साली याच दिवशी किळवेनमणी गावात वाढीव मजुरी मागणाऱ्या दलित शेतमजुरांच्या वस्तीवर हल्ला झाला आणि ४४ जणांना एका झोपडीत कोंडून जाळण्यात आले. मेलेल्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. पुढे उच्च न्यायालयात जमीनदार निर्दोष सुटले.

हे गाव आज ज्या नागपट्टिनम जिल्ह्यात येते, त्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर ३६ वर्षांनी, २६ डिसेंबर २००४ च्या रविवारी सकाळी समुद्र आत आला. एकट्या या जिल्ह्यात सहा हजारांवर माणसे गेली. त्या त्सुनामीला २०२४ मध्ये वीस वर्षे पूर्ण झाली. किनाऱ्यावर श्रद्धांजलीचे कार्यक्रम होतात, दिवे समुद्रात सोडले जातात. ते व्हायलाच हवे. पण चळवळीत काम करणाऱ्यांनी श्रद्धांजलीवर थांबू नये असे आम्हाला वाटते. लाट निसर्गाची होती. त्यानंतर कोण वाचले, कोणाला पाणी मिळाले, कोणाला घर मिळाले आणि कोणाचे नाव यादीतच आले नाही, हे सगळे समाजाने ठरवले. या लेखात आम्हाला एवढेच मांडायचे आहे.

जमिनीखाली काय घडले?

इंडोनेशियाच्या सुमात्रा बेटाच्या पश्चिमेला समुद्रतळाखाली भारतीय भूपट्ट शेजारच्या भूपट्टाखाली सरकत असतो. वर्षाला काही सेंटिमीटर, इतक्या संथपणे. दोन्ही पट्ट एकमेकांत अडकून राहतात, ताण साठत जातो आणि एके दिवशी अडकलेला भाग सुटतो. त्या दिवशी भारतीय वेळेनुसार सकाळी साडेसहाच्या सुमारास हेच घडले. भूकंपाची तीव्रता ९.१ होती आणि सुमात्रापासून अंदमानपर्यंत सुमारे १,२०० किलोमीटर लांबीचा पट्टा फाटत गेला. समुद्रतळ एकदम वर उचलला गेला, त्याबरोबर वरचे पाणीही उचलले गेले आणि लाटा चारी दिशांना निघाल्या.

खोल समुद्रात अशी लाट विमानाच्या वेगाने धावते, पण तिची उंची एवढी कमी असते की होडीतल्या माणसाला ती कळतही नाही. किनाऱ्याजवळ पाणी उथळ होते, लाटेचा वेग कमी होतो आणि उंची वाढत जाते. म्हणूनच खोल समुद्रात मासेमारीला गेलेले अनेक जण वाचले आणि किनाऱ्यावर त्यांची वाट पाहणारे गेले.

बांदा आचे शहराला अर्धा तासही मिळाला नाही. तामिळनाडू आणि श्रीलंकेच्या किनाऱ्यावर मात्र लाट पोहोचायला सुमारे दोन तास लागले. दोन तासांत माणसे किलोमीटरभर आत सहज चालत गेली असती. पण हिंदी महासागरात इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. पॅसिफिक महासागरात ती अनेक दशकांपासून होती, कारण तिथे अमेरिका आणि जपान यांचे किनारे आहेत. कार निकोबारचा हवाई दलाचा तळ लाटेखाली गेला, तरी मुख्य भूमीवरच्या कोळीवाड्यांपर्यंत कोणी निरोप पोहोचवला नाही. एकूण १४ देशांत सुमारे २ लाख ३० हजार माणसे गेली. भारतात मृत आणि बेपत्ता मिळून हा आकडा १६ हजारांवर आहे. हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेत भारताचे त्सुनामी इशारा केंद्र सुरू झाले ते २००७ मध्ये.

याच आपत्तीतले एक उदाहरण तरुणांनी लक्षात ठेवावे. सुमात्राजवळचे सिम्यूल्यू बेट भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ होते. तिथे १९०७ साली मोठी त्सुनामी आली होती. तेव्हापासून आज्या नातवंडांना सांगत आल्या की जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे गेला तर डोंगराकडे पळायचे. या लाटेला तिथे ‘स्मोंग’ म्हणतात. सत्तर हजारांहून अधिक वस्तीच्या त्या बेटावर २००४ मध्ये सातच माणसे दगावली. यंत्र नव्हते, पैसा नव्हता. आठवण जपलेली होती आणि ती सगळ्यांना सांगितलेली होती.

पूर्वकर्म आणि दैवी कोप

मोठी आपत्ती आली की ‘पापाचा घडा भरला’ असे म्हणणारे पुढे येतात. २००४ मध्येही आले. या बाबतीत एक जुना प्रसंग आठवावा. १९३४ मध्ये बिहारला भूकंप झाला तेव्हा ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे, असे गांधीजींनी म्हटले. रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर विरोध केला. अस्पृश्यता हे पाप आहे, हे मान्य. पण त्या पापाची शिक्षा म्हणून निसर्ग भूकंप घडवतो असे एकदा मानले, की उद्या कोणीही कोणत्याही मृताच्या कपाळावर पाप चिकटवू शकतो. शिवाय त्या भूकंपात अस्पृश्यही मेलेच होते. त्यांना शिक्षा कशाची?

आपल्यातही काही जण नकळत ‘ज्याचे त्याचे कर्म’ असे बोलून जातात. संयुत्त निकायातील सीवक सुत्तात भगवान बुद्धांनी हा समज स्पष्टपणे नाकारला आहे. माणसाच्या वाट्याला येणारी प्रत्येक वेदना पूर्वकर्माचे फळ नसते. शरीरातले बिघाड, ऋतूतले बदल अशी इतर कारणेही असतात. आणि पूर्वकर्माच्या नावाखाली वर्तमानातला अन्याय कसा झाकला जातो, हे बाबासाहेबांनी आपल्याला पुरेसे समजावले आहे. कारण शोधणे हाच धम्माचा मार्ग आहे. म्हणून पुढचा प्रश्न विचारायचा.

मेले कोण?

त्सुनामीनंतर काही महिन्यांनी ऑक्सफॅम या संस्थेने मृतांमधील स्त्री-पुरुषांचे प्रमाण मांडले. कडलूर जिल्ह्यात ३९१ स्त्रिया आणि १४६ पुरुष मृत्यू पावल्याची नोंद त्यात आहे. आचेमधल्या काही गावांत वाचलेल्यांत स्त्रिया तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होत्या. लाटेला बाई आणि पुरुष हा फरक कळत नव्हता. मग हे का झाले? पुरुष समुद्रात होते, बायका किनाऱ्यावर मासळी उतरवून घ्यायला थांबल्या होत्या किंवा घरात होत्या. मुलींना पोहायला, झाडावर चढायला शिकवले जात नाही. साडी पायात अडकते. आणि कडेवर एक, हाताशी एक मूल घेऊन धावणारी आई मागे राहते.

नंतरचे हालही असेच विभागले गेले. मुले गमावलेल्या, पण नसबंदी झालेल्या आयांसाठी ती शस्त्रक्रिया उलटवण्याला तामिळनाडू सरकारने पैसे दिले. अनेकींना तो आधार वाटला असेल. पण शोकातून सावरण्याआधीच पुन्हा आई होण्याची अपेक्षा जिच्यावर आली, तिच्या मनाची विचारपूस त्या योजनेत नव्हती. चेन्नईच्या उत्तरेला एर्नावूर येथे वसवलेल्या त्सुनामीग्रस्तांच्या वस्तीत तर कर्जापायी बायकांनी किडन्या विकल्याचे २००७ मध्ये उघड झाले. समुद्रापासून दूर नेलेल्या मच्छीमाराला छप्पर मिळाले, पण रोजगार तुटला. त्या तुटीची किंमत बायकांच्या शरीराने चुकवली.

यादीत नाव कोणाचे?

किनाऱ्यावर सर्वाधिक माणसे मच्छीमार समाजाची गेली. त्यांचे दुःख खरे होते आणि त्यांना मदत मिळायलाच हवी होती. पण त्या किनाऱ्याच्या अर्थव्यवस्थेत दलितही होते. मासळी वाहणारे, मिठागरात राबणारे, खाडीत छोट्या जाळ्याने मासे धरणारे, शेतात मजुरी करणारे. मदतीच्या यादीत नुकसान मोजले गेले ते बोट, जाळे, इंजिन आणि घर यांत. ज्याच्याकडे यातले काहीच नव्हते त्याचे ‘नुकसान’ कागदावर शून्य निघाले. खाऱ्या पाण्याने शेत नापीक झाले तर भरपाई सातबारा असणाऱ्याला मिळू शकते. त्या शेतावरची मजुरी बुडालेल्या बाईने कोणता कागद दाखवायचा? इरुला या आदिवासी जमातीचीही हीच गत झाली.

यापुढचे अधिक कटू आहे. राष्ट्रीय दलित मानवाधिकार अभियान आणि ह्यूमन राइट्स वॉच यांनी त्या काळात केलेल्या नोंदी उपलब्ध आहेत. छावण्यांतून दलित कुटुंबांना बाहेर काढले गेले. मदतीचे ट्रक दलित वस्तीपर्यंत पोहोचले नाहीत. पाण्याच्या टाक्यांवर त्यांना हटकले गेले. सगळेच बुडालेले असताना पाण्यावरचा हक्क मात्र जातीचाच राहिला. चवदार तळ्याचा इतिहास जाणणाऱ्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

आणि प्रेते? कुजलेली प्रेते उचलायला इतर शहरांतून सफाई कामगार आणले गेले. त्यांतले बहुसंख्य दलित होते. अनेकांना हातमोजे आणि बूटही मिळाले नाहीत. पाण्याच्या टाकीजवळ नको असलेला माणूस प्रेताजवळ मात्र हवा होता.

एकच लाट, दोन देश

आचेमध्ये त्सुनामीपूर्वी सुमारे तीन दशके बंडखोर आणि इंडोनेशियाचे सरकार यांच्यात युद्ध चालू होते. १५ ऑगस्ट २००५ रोजी हेलसिंकीत दोघांनी शांतता करार केला. श्रीलंकेतही युद्ध होते आणि तिथेही ३५ हजारांच्या आसपास माणसे गेली. जून २००५ मध्ये सरकार आणि एलटीटीई यांच्यात मदतवाटपासाठी संयुक्त यंत्रणेचा करार झाला. पण जनता विमुक्ती पेरामुना सरकारातून बाहेर पडली, सर्वोच्च न्यायालयाने करारातील महत्त्वाच्या तरतुदींना स्थगिती दिली आणि यंत्रणा उभीच राहिली नाही. पुढे युद्ध पेटले.

बौद्ध म्हणून आम्हाला यातला एक भाग टाळून पुढे जाता येत नाही. या कराराला कडवा विरोध करणाऱ्यांत जथिका हेला उरुमया हा भिक्खूंचा राजकीय पक्षही होता. त्याच बेटावर अनेक विहारांनी धर्म न विचारता निराधारांना आसरा दिला, हेही तितकेच खरे आहे. चीवर एकच, पण एकीकडे मैत्री आणि दुसरीकडे वंशाचा अभिमान. धम्म कोणत्या बाजूला होता, हे ठरवायला ग्रंथ उघडावा लागत नाही.

आपण काय करायचे?

हे सगळे दूरचे वाटत असेल तर दोन गोष्टी लक्षात घ्या. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी मकरान किनाऱ्यावरच्या भूकंपाने उठलेल्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या आणि इथेही माणसे दगावली होती. आणि १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर पुनर्वसनाची घरे दिली गेली ती जमीनधारणेनुसार. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मोठ्या जमीनदाराला ७५० चौरस फूट. भूकंपाने सपाट केलेली विषमता सरकारी नकाशावर पुन्हा विटांनी बांधली गेली.

त्सुनामीनंतर वर्षभरात आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ आला. त्याचे कलम ६१ सांगते की भरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही. हे कलम आपल्या कार्यकर्त्यांच्या तोंडपाठ असले पाहिजे. पूर आला, दरड कोसळली की आपली मुले कपडे आणि धान्य घेऊन सर्वांत आधी धावतात, याचा आम्हाला अभिमान आहे. पण धान्य आठ दिवसांत संपते. यादीतून सुटलेले नाव मात्र पिढीभर सुटलेलेच राहते.

म्हणून प्रत्येक विहाराने शांततेच्या काळातच आपल्या आणि शेजारच्या वस्तीची नोंदवही करावी. कोण भूमिहीन आहे, कोण भाड्याने राहते, कोणती बाई एकटी आहे, कोणाला चालता येत नाही, कोणाकडे रेशनकार्ड नाही, हे त्यात असावे. कागदपत्रांच्या प्रती विहारात सुरक्षित ठेवाव्यात. आपत्तीनंतर पंचनाम्याला हजर राहावे, लाभार्थ्यांची यादी जाहीर लावण्याची मागणी करावी, बुडालेली मजुरी नुकसानीत धरायला लावावी. छावणीत पाणी कोण भरते आणि कोणाला थांबवले जाते यावर नजर ठेवावी. सफाई कामगारांच्या हातात मोजे आहेत का ते पाहावे. मुलींना पोहायला शिकवावे. आणि ही नोंदवही फक्त बौद्धांची नसावी. आदिवासी, भटके, मुस्लिम, कोळी, जो यादीबाहेर राहू शकतो, तो प्रत्येक जण तिच्यात असावा.

पुढची लाट, पुढची दरड कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. यादी कशी बनते, हे मात्र आता आपल्याला माहीत आहे.

नमो बुद्धाय, जय भीम!