नाण्याइतकीच त्याची जागाही मोलाची

मार्च 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरजवळ, असीरगडच्या शेतांत रात्री बॅटऱ्यांचा उजेड दिसू लागला. बुऱ्हाणपूरवरच्या मराठ्यांच्या स्वारीचा प्रसंग असलेला ‘छावा’ चित्रपट तेव्हा गाजत होता आणि मुघलांचा खजिना सापडतोय, अशी हूल उठली होती. लोक फावडी आणि मेटल डिटेक्टर घेऊन धावले. बुऱ्हाणपूर हे मुघलांच्या टांकसाळीचं शहर, तिथं जुनं नाणं निघण्यात नवल नाही. पण अशा अंधारात उकरलेलं नाणं कुठल्या थरात, कशासोबत होतं, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

या माहितीला किती मोल असतं, हे पाहायला नाशिक जिल्ह्यातच जावं. 1906 साली जोगळटेंभीला चांदीची सुमारे 13,250 नाणी एकत्र मिळाली. मूळची ती क्षत्रप नहपानाची: एका बाजूला राजाचा चेहरा, दुसरीकडे बाण आणि वज्र, लेख ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी लिप्यांत. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारलेला होता. गौतमीपुत्रानं क्षहरातांचा, म्हणजे नहपानाचा वंश संपवल्याचं नाशिकच्या लेण्यातला शिलालेख सांगतो. त्याची साक्ष या एका साठ्यानं दिली. हीच नाणी चार सराफांकडे विखुरली असती, तर ठसा मारलेली किती आणि कोरी किती, हे प्रमाणच हरवलं असतं.

नाणं ओळखणं हेही घाईचं काम नाही. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ अशी अक्षरं दिसली की ते नाणं शिवकालीनच, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात हे नाणं, म्हणजे शिवराई, पेशवाईतही पाडलं जात होतं. अक्षरांचं वळण, वजन आणि काठावरचे ठिपके पाहूनच काळ ठरतो. चिंच-लिंबानं घासून चकचकीत केलेल्या नाण्यावर नेमक्या याच खुणा पुसट होतात.

ब्रिटनमध्ये 1992 साली हॉक्सन गावी हरवलेला हातोडा शोधताना एकाला रोमन खजिना लागला. त्यानं खोदणं थांबवून कळवलं आणि पुरातत्त्वज्ञांनी जवळजवळ 15,000 नाणी जागेवरूनच, नोंदी ठेवत काढली. तिथं खजिना संग्रहालयानं घेतला, की बाजारभावानं बक्षीस मिळतं. तरीही चोरी होतेच. 2015 मध्ये लेमिन्स्टरजवळ दोघांनी साठा लपवला. सुमारे 300 नाण्यांपैकी मोजकीच परत मिळाली आणि 2019 मध्ये दोघांना तुरुंगवास झाला.

आपला कायदा 1878 चा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचं गुप्तधन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. न कळवल्यास कैद होऊ शकते. सरकारनं ते घ्यायचं ठरवलं, तर मोबदला म्हणून धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा. म्हणजे दोन ग्रॅमच्या नहपानाच्या नाण्याला दोन ग्रॅम चांदीचा भाव आणि वर त्याचा पाचवा हिस्सा, एवढंच! शेतकरी मग ते मुकाट्यानं सराफाकडे नेतो, यात दोष कायद्याचाच अधिक आहे. मोबदला नाण्याच्या खऱ्या किमतीवर ठरायला हवा आणि प्रत्येक तालुक्यात फोटो, वजन, गट क्रमांक नोंदवून घेणारी व्यवस्था हवी.

कायदा बदलेपर्यंत नांगराला काही लागलं, तर ते धुऊ-घासू नका. आहे त्या जागी फोटो काढा, खोदणं थांबवा आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी कळवा.