कुटुंबनियोजनाचा भार एकट्या स्त्रीनेच कां वाहावा?



चंद्रपूर व गडचिरोलीच्या जंगलपट्टीत दोन मुले झाली की घराघरांत एकच बोलणे सुरू होते, "आता हिचे ऑपरेशन उरकून टाका." ते बाईचेच व्हावयाचे, हे जणू आधीच ठरलेले असते. जन्मावरून ठरणारी उच्चनीचता ज्यांनी झुगारून दिली, त्यांच्याच घरात बाईच्या जन्माला आली म्हणून हा भार तिने वाहावा, हा न्याय कोणता? ह्याचे उत्तर तुम्ही दिले पाहिजे.

प्रथम पुरुषांचा बचाव ऐकू. "मी मजुरी करणारा माणूस. नसबंदी केली तर अंगातील ताकद जाईल," असे ते म्हणतात. हे निखालस असत्य आहे. नसबंदीत केवळ बीज वाहून नेणारी नलिका बंद करतात. अंडकोशाला हात लागत नाही, म्हणून पुरुषाची ताकद व कामेच्छा पूर्ववत् राहते. ही शस्त्रक्रिया बिनटाक्याची होते आणि माणूस त्याच दिवशी घरी येतो. पुढे तीन महिने दुसरे साधन वापरून वीर्याची तपासणी करून घ्यावी, एवढेच पथ्य आहे. स्त्रीच्या ऑपरेशनात मात्र पोटात शिरावे लागते. मग रोवणीच्या चिखलात दिवसभर ओणवी राहणारी, भर उन्हात तेंदूपत्ता तोडणारी बाई मजूर नव्हे काय? ताकदीची गरज काय ती पुरुषालाच?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील दर हजार विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८० जणींचे ऑपरेशन झालेले आढळले. ज्यांच्या पतीने नसबंदी केली, अशा हजारांत अवघ्या तीन निघाल्या. तुमच्या गावातील आकडा याहून वेगळा असेल, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

ह्या अन्यायाचा इतिहासही समजून घ्या. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. सरकारने त्याचा प्रचार करावा व लोकांना साधने उपलब्ध करून द्यावीत, एवढीच मागणी होती. सभागृहाने ती फेटाळली. पुढे १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही, हे आपले भाग्य. लोकांना साधने द्या म्हटले तेव्हा नकार, आणि सक्ती करावयाची म्हटली तेव्हा होकार! १९७६-७७ ह्या एका वर्षात देशभर सुमारे ८२ लाख नसबंद्या झाल्या, त्यांतील सुमारे ६२ लाख पुरुषांच्या. त्या सक्तीचा संताप १९७७ च्या निवडणुकीत प्रकट झाला. त्यानंतर सरकारी यंत्रणेने पुरुषांचा नाद सोडला आणि सारा भार स्त्रियांवर लोटला. पुरुषांवर जुलूम झाला तेव्हा देश पेटला. स्त्रियांवर भार पडला तेव्हा कोणी ब्र काढला नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये शेजारच्या छत्तीसगडात, बिलासपूर जिल्ह्यातील शिबिरांत ऑपरेशन झालेल्या तेरा स्त्रिया प्राणास मुकल्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाला अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश द्यावा लागला.

दुसरा भ्रम असा की, ऑपरेशन झाले म्हणजे बाईच्या आरोग्याचा प्रश्न मिटला. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील वसा व अमिर्झा ह्या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचा निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शंभरातील ९२ स्त्रियांना स्त्रीरोग होता आणि अशी तपासणी पूर्वी झालेल्या शंभरात केवळ आठच होत्या. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, पाळीचा त्रास ही दुखणी आपल्या आया-बहिणी मुकाट्याने सोसत होत्या. "बाईच्या जातीला हे चालायचेच," ह्या एका वाक्याखाली आपण केवढा रोग झाकून ठेवला होता! गर्भनलिका बांधल्याने ह्यांतील एकही रोग बरा होत नाही. त्यास तपासणी व औषधच हवे, आणि संसर्ग असल्यास नवऱ्यानेही औषध घ्यावयास हवे.

तेव्हा साधनांची माहिती पतिपत्नींनी मिळून घ्या. तांबी आहे, तीन महिन्यांनी घ्यावयाचे 'अंतरा' इंजेक्शन आहे, 'छाया' ही गोळी आहे. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा व नंतर एकदा घेतात. सरकारी दवाखान्यात ही साधने विनामूल्य मिळतात. ह्यांपैकी कोणतेही संसर्गापासून रक्षण करीत नाही. ते काम फक्त निरोधच करतो, आणि तो वापरणे हे पुरुषाचे काम आहे.

भगिनींनो, कायदा तुमच्या बाजूचा आहे. ऑपरेशन करून घेण्यास नवऱ्याच्या संमतीची अट नाही. साधन निष्फळ ठरून नको असलेला गर्भ राहिला, तर १९७१ च्या कायद्यानुसार २० आठवड्यांपर्यंत मान्यताप्राप्त केंद्रात नोंदणीकृत डॉक्टरकडून गर्भपात करून घेता येतो. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती त्यास पुरेशी आहे. वैदूच्या जडीबुटीला व बोगस डॉक्टरला जीव देऊ नका.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना मोजकीच मुले होऊ देण्यास सांगितले, आणि पतीची दासी न होता बरोबरीची मैत्रीण होण्यासही सांगितले. आपल्या पुरुषांनी पहिला उपदेश ध्यानी ठेवला. दुसरा सोयीस्करपणे विसरले. मैत्रीत ओझे वाटून घ्यावयाचे असते. पुढल्या वेळी आशाताई दारी येऊन "कोणाचे नाव लिहू?" असे विचारील, तेव्हा बायकोकडे बोट दाखविण्यापूर्वी, पुरुषांनो, स्वतःचे नाव उच्चारण्याचे धैर्य दाखवा.