ऑफिसचे कांदेपोहे

ऑफिसची जागा बघायला जाणं म्हणजे थेट कांदेपोह्यांचा कार्यक्रम! भेट पंधरा मिनिटांची, समोर सगळं चकाचक आणि होकार तीन-पाच वर्षांचा. तेव्हा बॉस, काचेच्या दारावर भाळू नका. प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न, माणसं पोचणार कशी? मोठ्या कंपन्याही हेच बघतात. एकेकाळी मुंबईत नरिमन पॉइंटचा पत्ता म्हणजे केवढी ऐट! पण ते शहराचं दक्षिण टोक, आणि स्टाफ राहणार उपनगरांत. मग बँका, वित्तसंस्था वांद्रे-कुर्ला संकुलाकडे सरकल्या. पश्चिम आणि मध्य रेल्वेच्या मधोमध.

हाच फंडा परभणीत. पुण्याची नोकरी सोडून, साठवलेले पैसे लावून गावी स्वतःचं ऑफिस थाटताय? टीममधली मुलं-मुली सेलू, पूर्णा, गंगाखेडहून रेल्वेने येणार असतील, तर स्टेशनपासून पायी किती वेळ लागतो ते चालून बघा. कृषी विद्यापीठाशी काम असेल, तर हिशोब वेगळा.

दुसरा, जागा नेमकी किती? भाडं बरेचदा 'सुपर बिल्ट-अप'वर सांगतात. त्यात जिना, लिफ्ट, लॉबीही आली. टेबलं मात्र मांडायची कार्पेट एरियात. समजा १००० चौरस फूट, दर ३० रुपये, आणि कार्पेट निघालं ७००. म्हणजे खरा दर झाला जवळपास ४३ रुपये!

तिसरा प्रश्न उन्हाचा. परभणीच्या मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. पश्चिमेला काच असेल तर एसीचं बिल भाड्याशी स्पर्धा करेल. म्हणून जागा दुपारी चारला बघा. संध्याकाळी सातला पुन्हा जा. जिन्यात दिवा आहे? मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह? लाइट गेल्यावर लिफ्ट चालते? हे नसेल तर चांगली माणसं मुकाट्याने दुसरी नोकरी शोधतात.

मग कागद. लॉक-इन किती, भाडेवाढ किती, डिपॉझिट परत कधी, सगळं लेखी घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार कराराची नोंदणी करणं ही जागामालकाची जबाबदारी आहे.

आणि हो, स्थळाची चौकशी करतो तशी शेजाऱ्यांकडेही करा. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला एक कटिंग पाजा. नळाला पाणी कधी नसतं, हे ब्रोकर सांगणार नाही. तो सांगेल!